बोटांना सोपे, कानांना परके

गेल्या वर्षी सणाच्या निमित्ताने एका परिचितांकडे जेवायला गेलो होतो. जेवणे आटोपली आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणे घरातील मुलाला गिटार घेऊन ओटीवर बोलावण्यात आले. मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा, लाजरा, पण हात चांगला तयार झालेला. वडील अभिमानाने म्हणाले, "सर, ह्याला ऑगमेंटेडचे बाराच्या बारा अर्पेजिओ येतात. मोबाईलवर बघून दोन दिवसांत बसवले त्याने." मुलाने वाजवायला सुरुवात केली. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत बोटे तिरकी धावली, परत आली, एक पडदा पुढे सरकली, पुन्हा धावली. बारा वेळा हा प्रवास झाला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी त्याला म्हटले, "छान. आता पहिला अर्पेजिओ पुन्हा घे, पण दुसऱ्या स्वरावर थांब. आणि तिसरा स्वर वाजवण्यापूर्वी मला तो गाऊन दाखव." मुलगा थांबला. त्याने तारेकडे पाहिले, बोटांकडे पाहिले, मग वडिलांकडे. स्वर काही उमटला नाही. वडील हसत म्हणाले, "गायला कशाला, सर? तो गिटार शिकतोय."

वाचकहो, ह्या एका वाक्याविरुद्ध मी आज लेखणी उचलली आहे. त्या मुलाविरुद्ध माझी काडीचीही तक्रार नाही. त्याने सांगितले ते केले, आणि मन लावून केले. तक्रार आहे ती आपल्याविरुद्ध, म्हणजे शिकवणाऱ्यांविरुद्ध आणि फी भरणाऱ्यांविरुद्ध. आपण सर्वांनी मिळून असा समज रूढ केला आहे की गिटार हे बोटांचे वाद्य आहे आणि कान ही गायकांची मालमत्ता आहे. ह्या समजामुळे आपल्या मुलांचे किती नुकसान होते, हे ऑगमेंटेड अर्पेजिओइतके स्पष्ट दुसरे काहीच दाखवून देत नाही. म्हणून ह्या एका लहानशा विषयाचीच चर्चा मी येथे करणार आहे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. कॉर्डमधील स्वर एकत्र न छेडता एकामागून एक वाजवले की त्याला अर्पेजिओ म्हणतात. मूळ इटालियन शब्दाचा संबंध हार्प ह्या वाद्याशी आहे. हार्पवर वाजवावे तसे वाजवणे, असा त्याचा अर्थ. मेजर कॉर्ड म्हणजे ढोबळमानाने सा, ग, प. त्यातील पंचम अर्धा स्वर वर चढवला, म्हणजे त्याच्या जागी कोमल धैवत घेतला, की सा, ग, कोमल ध अशी जी त्रयी होते ती ऑगमेंटेड. सी पट्टीत बोलायचे तर सी, ई आणि जी शार्प.

आता तिचे वैशिष्ट्य पाहा. सा पासून ग चार अर्धस्वरांवर, ग पासून कोमल ध चार अर्धस्वरांवर, आणि कोमल ध पासून वरचा सा पुन्हा चारच अर्धस्वरांवर. बारा अर्धस्वरांच्या सप्तकाचे तीन समान वाटे झाले. वाटे समान असल्यामुळे तिन्ही स्वर सारख्याच अधिकाराचे झाले. सी पासून आरंभ केला तर सी-ई-जी शार्प. ई पासून केला तर ई-जी शार्प-बी शार्प, आणि बी शार्प म्हणजे वाद्यावर सी च. ए फ्लॅट पासून केला तर ए फ्लॅट-सी-ई. नावे तीन, स्वर तेच. म्हणजे बारा ऑगमेंटेड अर्पेजिओ असतात असे जे आपण मुलांना सांगतो, ते कागदावर खरे असले तरी कानाला खोटे आहे. कानाला ते फक्त चार आहेत. त्या मुलाने बारा वाजवले असे सर्वांना वाटले. वस्तुतः त्याने चार वाजवले आणि त्यांतला प्रत्येक तीनतीन वेळा. हे त्याला कोणी सांगितले नव्हते. आणि त्याचे त्याला ऐकूही आले नव्हते.

ते का ऐकू आले नाही? कारण गिटारची रचना. गिटारच्या मानेवरील फ्रेटना आपण सतारीप्रमाणे पडदे म्हणू. एक पडदा म्हणजे एक अर्धस्वर. शेजारशेजारच्या तारा पाच अर्धस्वरांच्या अंतराने लावलेल्या असतात. अपवाद फक्त तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेचा, तिथे अंतर चारच अर्धस्वरांचे. ऑगमेंटेडला हवे असतात चार. त्यामुळे एका तारेवरून पुढच्या तारेवर जाताना प्रत्येक वेळी एक पडदा मागे यायचे, आणि तिसरीवरून दुसरीवर जाताना मात्र त्याच पडद्यावर राहायचे. सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड तारेपासून पहिल्या तारेपर्यंत पडदे असे पडतात: चार, तीन, दोन, एक, एक, आणि मोकळी तार. करंगळी, अनामिका, मधले बोट, तर्जनी, पुन्हा तर्जनी, संपले. हीच आकृती चार पडदे पुढे नेली की आठ, सात, सहा, पाच, पाच, चार. आणि स्वर तेच! फक्त एवढेच की येथे मोकळी तार नसल्यामुळे शेवटी तर्जनीला एक पडदा मागे सरकावे लागते. आणखी चार पडदे पुढे गेलात तरी पुन्हा तेच तीन स्वर.

इतका सोपा आकार गिटारवर क्वचितच सापडतो. मेजर अर्पेजिओच्या पाच-पाच आकृत्या पाठ कराव्या लागतात; ही एकच तिरकी ओळ, आणि सगळी मान हाती. पाच मिनिटांत बसते. आणि हाच धोका आहे. जे बोटांना पाच मिनिटांत मिळते ते कानाने कष्टाने मिळवावे, असे कोणाला वाटेल?

कानासाठी मात्र ही त्रयी अवघड आहे. मेजर आणि मायनर ह्या दोन्ही घरांत पंचम असतो. सा ला पंचमाचा आधार असला की आपले घर कुठे आहे हे कानाला न सांगता कळते. ऑगमेंटेडमध्ये पंचमच नाही, आणि तिन्ही स्वर समान अंतरावर उभे. घर कोणते? मूळ स्वर कोणता? कानाला उत्तर मिळत नाही. ते उत्तर पुढे कोणती कॉर्ड येते त्यावरून मिळते. म्हणून ऑगमेंटेड हा मुक्काम नाही, तो तिठा आहे. तिठ्यावर उभे राहून रस्ते न पाहणाऱ्याने तिठा पाहिला असे म्हणता येईल का?

ते रस्ते किती आहेत तेही सांगतो. ज्यांच्या घरी गिटार आहे त्यांनी मुलाला हाक मारून ताबडतोब पडताळून पाहावे. चौथ्या तारेवर दुसरा पडदा, तिसरीवर पहिला, दुसरीवर पहिला. हे झाले ई, जी शार्प आणि सी. आपली ऑगमेंटेड त्रयी. आता तिसऱ्या तारेवरचे बोट उचला, म्हणजे तो स्वर अर्धा उतरला: सी मेजर. पुन्हा मूळ जागी या आणि दुसऱ्या तारेवरचे बोट उचला: ई मेजर. पुन्हा मूळ जागी या आणि चौथ्या तारेवरचा स्वर एक पडदा मागे आणा: ए फ्लॅट मेजर. आता उलट करा. तिसऱ्या तारेवरचा स्वर एक पडदा चढवा: ए मायनर. चौथीवरचा चढवा: एफ मायनर. दुसरीवरचा चढवा: सी शार्प मायनर. कोणताही एक स्वर अर्धा उतरवला की मेजर, कोणताही एक अर्धा चढवला की मायनर. एका त्रयीला सहा दारे. चार त्रयींना मिळून चोवीस. आणि मेजर-मायनर मिळून संगीतात आहेतच चोवीस त्रयी. एकही सुटत नाही, एकही दोनदा येत नाही.

नवशिक्याला पहिल्या महिन्यात शिकवल्या जाणाऱ्या सी, ई आणि ए मायनर ह्या तीन कॉर्ड एका ऑगमेंटेडच्या अवतीभोवती बसलेल्या आहेत, हे किती गिटार-शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांना दाखवतात? ही काही नवी गोष्ट नव्हे. कार्ल फ्रीडरिश वाइट्झमान ह्या जर्मन संगीतशास्त्रज्ञाने केवळ ह्याच त्रयीवर १८५३ साली स्वतंत्र ग्रंथ लिहिला. फ्रान्झ लिस्टने आपल्या 'फाउस्ट सिम्फनी'ची सुरुवातच चार ऑगमेंटेड त्रयी एकापाठोपाठ एक उतरवून केली. बाराही स्वर त्यात येऊन जातात, आणि ज्ञानाचा शोध घेता घेता वाट हरवलेल्या माणसाचे चित्र उभे राहते. ती सिम्फनी १८५७ साली वायमार येथे प्रथम वाजली. हाच लिस्ट पुढे १८६५ मध्ये रोममध्ये चर्चच्या कनिष्ठ पदांवर दीक्षित झाला आणि 'ॲबे लिस्ट' म्हणून ओळखला जाऊ लागला. त्याला बाराही स्वर हाती असताना घर सापडत नाही ही अवस्था ऐकवायची होती. आपण तीच अवस्था आपल्या मुलांना नकळत देतो, आणि तिला प्रगती म्हणतो.

आता आक्षेपांकडे वळतो, कारण ते मला तोंडपाठ आहेत.

पहिला आक्षेप: "ही कॉर्ड आमच्या गाण्यांत येतच नाही." दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला, त्यात ऑर्गनचा मान राखून, अधिकाऱ्यांच्या संमतीने इतर वाद्यांनाही वाव ठेवला. लोकभाषेतील मिस्सेबरोबर गिटार गायकवृंदात आली, आणि तेव्हापासून तीन-चार कॉर्डवर आपले बरेचसे काम भागत आले आहे, हे मला मान्य आहे. पण सी मेजरवरून एफ मेजरवर जाताना मध्ये एक मात्राभर सी ऑगमेंटेड घेऊन पाहा. जी चा जी शार्प होतो, जी शार्पचा ए होतो. ई चा एफ होतो. सी जागचा हलत नाही. ओळीला जिना मिळतो. गायकवृंदातील मधल्या आवाजांना अर्ध्या-अर्ध्या स्वराने चढणारी स्वतंत्र वाट मिळते. गीत तेच राहते; गाणाऱ्याला मात्र पुढे जावेसे वाटू लागते. बीटल्सच्या १९६९ मधील 'ओह! डार्लिंग' ह्या गाण्याचा पहिला आघातच ई ऑगमेंटेडचा आहे. गायक तोंड उघडण्यापूर्वी श्रोत्याचे मन अस्थिर करण्याचे काम ती एक कॉर्ड करते. जॉन कोल्ट्रेनने १९५९ मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या 'जायंट स्टेप्स'मध्ये तर बी, जी आणि ई फ्लॅट ह्या तीन पट्ट्यांचा फेरा आहे. हे तीन स्वर म्हणजे एक ऑगमेंटेड त्रयीच. तेव्हा "येत नाही" असे म्हणू नका. "आम्ही येऊ देत नाही" असे म्हणा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: "मोठमोठे गिटारवादक कुठे शास्त्र शिकले होते? ते कानाने शिकले." बरोबर! नेमके हेच मला म्हणायचे आहे. ते कानाने शिकले. एकच तबकडी पुन्हापुन्हा लावून, सुई मागे ठेवून, स्वर मनात धरून तो तारेवर शोधत शिकले. शोधण्यापूर्वी तो त्यांच्या आत वाजत होता. आपला मुलगा जे करतो ते ह्याच्या नेमके उलटे आहे. पडद्यावर हिरवे-निळे ठिपके दिसतात, ठिपक्यांवर बोटे पडतात, आणि जो आवाज निघेल तो निघेल. ह्यात कानही नाही आणि शास्त्रही नाही. अशिक्षित कलावंताचा दाखला देऊन आपण अर्धशिक्षित कारागिराचे समर्थन करतो.

तिसरा आक्षेप पालकांचा: "गाणे कधी वाजवणार?" फी भरणाऱ्याचा हा प्रश्न रास्त आहे, मी त्याची चेष्टा करणार नाही. परंतु ह्या प्रश्नाच्या धाकाने शिक्षक काय करतो ते पालकांनी समजून घ्यावे. तो दुसऱ्या महिन्यातच आकृत्यांची झेरॉक्स हाती देतो. मुलगा वर्षभरात वीस गाणी वाजवतो, पण एकविसाव्यासाठी पुन्हा झेरॉक्स लागते. दहा वर्षांनी लग्नकार्यात कोणी नवखे गीत म्हणायला घेतले की हा हात गिटारवर ठेवून विचारतो, "कॉर्ड काय आहेत?" कॉर्ड समोर गायल्या जात असतात, त्याला त्या ऐकू येत नाहीत. पुढे गिटार कपाटावर चढते. आपल्या किती घरांत अशी धूळ खाणारी गिटार आहे, हे ज्याचे त्याने पाहावे. मुलाला "आवड उरली नाही" असे आपण म्हणतो. आवड नव्हे, आधार उरला नव्हता.

हे सारे मी उंचावर बसून सांगत नाही. मीही ह्याच फसवणुकीतून गेलो आहे. एकोणीस वर्षांचा असताना एका दुपारात मी ही तिरकी आकृती पाठ केली आणि स्वतःला पंडित समजू लागलो. गायकवृंदाच्या सरावाला त्या काळी एक वयस्क काका येत. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवून ते निवृत्त झाले होते. त्यांच्यासमोर मी माझी दौड वाजवली. त्यांनी डोळे मिटून ऐकले आणि कोकणीत म्हणाले, "म्हाका गावन दाखय." मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी स्वतः गुणगुणत तीन स्वर घेतले, तिसऱ्यावर थांबले, आणि म्हणाले, "आता सांग, इथून घरी कसा जाशील?" मला उत्तर आले नाही. गिटार हाती घेऊन मला त्या वेळी चार वर्षे झाली होती.

ते काका गोव्यातील पॅरिश शाळेत शिकले होते. पोर्तुगीज काळापासून त्या शाळांत मुलांना संगीत शिकवण्याची परंपरा होती. आणि वाद्य हाती देण्यापूर्वी 'मेस्त्रे' मुलांकडून सोल्फेज, म्हणजे स्वरांच्या नावांसह वाचून गाणे, घोटून घेत. व्हायोलिन नंतर. ह्या शिस्तीतून आलेल्या गोमंतकीय वादकांनी मुंबईच्या चित्रपट-संगीताचा वाद्यवृंद उभा केला, हा इतिहास आहे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२) हे त्यांच्यापैकीच. लक्ष्मीकांत-प्यारेलाल ह्या जोडीतील प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. शंकर-जयकिशन ह्यांच्या गीतांचे वाद्यवृंद-संयोजन करणारे सबॅस्टियन डिसोझा हेही गोव्याचेच. कागदावर एकेका वाद्याची ओळ लिहायची तर ती आधी मनात ऐकू यावी लागते. ह्या माणसांना ती ऐकू येत होती. हा वारसा आपल्या दारात असताना, आपल्या मुलाला कोणी "गाऊन दाखव" म्हटले तर आपण "गायला कशाला?" असे विचारतो. ह्याला काय म्हणावे?

मग करावे काय? केवळ दोष दाखवून थांबणे मला रुचत नाही, म्हणून माझी रीत सांगतो. दिवसाला पंधरा मिनिटे पुरेत.

पहिले पंधरा दिवस तिरक्या आकृतीला हात लावू नये. एकच तार घ्यावी, पहिली. मोकळी तार, चौथा पडदा, आठवा पडदा, बारावा पडदा. ई, जी शार्प, सी, आणि वरचा ई. येथे समान अंतर डोळ्यांना दिसते, हाताला जाणवते, आणि उडी मारावी लागत असल्यामुळे बोट आपोआप घाई करत नाही. प्रत्येक स्वर आधी गावा, मग वाजवावा. वाजवून मग गाणे म्हणजे उत्तर पाहून गणित सोडवणे. त्याचा उपयोग नाही. ज्याला इंग्रजी नावांनी गाणे जड जाते त्याने खुशाल सा, ग, कोमल ध, सा म्हणावे. हे तिन्ही स्वर भैरव रागात आहेत, म्हणजे आपल्या कानांना ते अगदीच अनोळखी नाहीत. मात्र तिथे कोमल धैवत आंदोलन घेत पंचमाच्या आधाराने राहतो, येथे तो आधार काढून घेतला आहे. तो फरक गळ्यातून जाणवला की निम्मे काम झाले.

येथे एक प्रामाणिक कबुली द्यायला हवी. तंबोऱ्यावर तयार झालेला गळा शुद्ध गांधार गातो. तो गिटारच्या पडद्यावरील गांधारापेक्षा किंचित उतरलेला असतो. अर्धस्वराचे शंभर सेंट धरले तर गिटारवरचा गांधार ४०० सेंटवर, शुद्ध गांधार सुमारे ३८६ वर. शुद्ध गांधाराच्या तीन उड्या मारल्या तर १२०० सेंटचा वरचा सा गाठला जात नाही. सुमारे ४१ सेंट कमी पडतात. म्हणजे ऑगमेंटेडची ही सुबक समानता निसर्गाने दिलेली नाही, माणसाने पडद्यांवर स्वरांची समान वाटणी करून ती निर्माण केली आहे. मुलाचा स्वर तिसऱ्या उडीला थोडा खाली पडला तर त्याला बेसूर म्हणून झिडकारू नये. त्याचा कान कदाचित शिक्षकापेक्षा चांगला असेल. त्याला हा हिशेब समजावून सांगावा.

नंतरचे पंधरा दिवस तिरकी आकृती. मेट्रोनोम मिनिटाला साठ ठोक्यांवर, एका ठोक्याला एक स्वर, प्रत्येक स्वराचे नाव मोठ्याने घेत. तिसऱ्या तारेवरून दुसरीवर जाताना आकृती जिथे मोडते, तिथे थांबून ती का मोडते हे मुलाने स्वतःच्या शब्दांत सांगावे. त्यानंतर एक महिना दारे उघडण्याचा. अर्पेजिओ वाजवावा, थांबावे, आणि कोणत्या घरी जायचे ते आधी गाऊन ठरवावे: आज सी मेजर, उद्या ए मायनर, परवा एफ मायनर. सहा दारे झाली की दुसरी त्रयी घ्यावी. चार त्रयींना चार महिने लागतील. दोन दिवसांत बारा, की चार महिन्यांत चार? माझा कौल मी दिला आहे. वेग त्यानंतर वाढवावा. त्या वेळी तो फार कष्टाने वाढवावा लागत नाही, असा माझा अनुभव आहे.

माझ्या व्यवसायबंधूंना एक शब्द. परीक्षांत कानाची स्वतंत्र चाचणी असते, आणि तिची तयारी आपण शेवटच्या आठवड्यात उरकतो, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. बोटांचे गुण प्रमाणपत्र मिळवून देतात, प्रमाणपत्र भिंतीवर लागते, भिंत पाहून पुढचा विद्यार्थी येतो. हे चक्र आपले पोट भरते, हेही मी नाकारत नाही. माझेही पोट त्यावरच आहे. पण ज्याला स्वर ऐकू येत नाही अशा मुलाच्या हाती बारा आकृत्या देऊन त्याचे पैसे घेणे हे शिकवणे नव्हे. ऑगमेंटेड अर्पेजिओ कानाने शिकवायला सवड नसेल, तर तो शिकवूच नये. न शिकवलेली गोष्ट मूल पुढे कधीतरी शिकेल. शिकलो अशी समजूत झालेली गोष्ट ते कधीच शिकणार नाही.

आणि पालकांना एवढीच विनंती. संध्याकाळी मुलाने सराव संपवला की "आज कोणते गाणे झाले?" असे विचारू नका. "आता जे वाजवलेस ते गिटार खाली ठेवून गाऊन दाखव," असे म्हणा. आवाज गोड नसला तरी चालेल. फुटका असला तरी चालेल. तुम्हाला स्वरज्ञान नसले तरीही हा प्रश्न विचारण्याचा अधिकार तुम्हाला आहे, कारण मूल गाऊ लागले की अडखळले, एवढे समजायला स्वरज्ञान लागत नाही. मूल अडखळले तर रागावू नका. दुसऱ्या दिवशी क्लासला जाऊन शिक्षकाला विचारा की ह्याला स्वर ऐकायला कधी शिकवणार. शिक्षक तुमच्यावर नाराज होईल. होऊ द्या.

त्या सणाच्या दिवशी निघताना तो मुलगा फाटकापर्यंत आला होता. वडील मागे पाहुण्यांशी बोलत होते. त्याने हळूच विचारले, "सर, तो तिसरा स्वर कसा होता?" मी गाऊन दाखवला. त्याने दोनदा चुकून तिसऱ्यांदा तो बरोबर लावला. बारा अर्पेजिओंच्या टाळ्यांनंतर त्या दिवशी त्याने शिकलेला पहिला स्वर तो होता. आणि तो त्याला मागून घ्यावा लागला, हीच आपल्यासाठी लाजेची गोष्ट आहे.